मागच्या सीटवरचा माणूस : टँडम सायकलचा इतिहास, घाटाखालच्या बुलढाण्यापासून खारदुंग-लापर्यंत

१/ वऱ्हाडात एका सायकलवर दोन माणसे बसणे ही गेल्या शतकातील नित्याची गोष्ट होती. पुढच्या दांडीवर मूल, मागच्या कॅरिअरवर पत्नी किंवा बाजाराची पिशवी सांभाळणारा शेजारी, आणि पेडल मारणारा मात्र एकटाच. दोघांनीही पेडल मारावे अशी सायकल, म्हणजे टँडम, युरोपात शंभर वर्षांहून अधिक काळ सहलीला आणि शर्यतीला वापरली गेली. आपल्याकडे ती रुजली नाही. असे का झाले, आणि अखेर ती महाराष्ट्राला कोणत्या कारणासाठी हवीशी वाटली, याचा हा धागा. 🧵

२/ प्रथम रचना समजून घेऊ. टँडमवर दोन सीट एकामागे एक असतात. हँडल पुढच्याच्या हाती. ब्रेक आणि गिअरही बहुधा त्याच्याच हाती. दोघांच्या पेडलांना जोडणारी एक स्वतंत्र साखळी असते. त्यामुळे दोघांचे पाय एकाच गतीने फिरतात. एक थांबला की दुसऱ्यालाही थांबावे लागते.

३/ इंग्रजीत पुढच्याला ‘कॅप्टन’ किंवा ‘पायलट’ म्हणतात आणि मागच्याला ‘स्टोकर’. स्टोकर म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जाणाऱ्या भुसावळ–नागपूर मार्गावर वाफेची इंजिने धावत, तेव्हा त्यालाच ‘फायरमन’ म्हणत. गाडी कुठे थांबवायची हे फायरमन ठरवत नसे; पण भट्टी थंड पडली तर ड्रायव्हरही काही करू शकत नसे. टँडमवरचे नाते नेमके असेच आहे.

४/ आता सुरुवातीकडे. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सायकल आणली. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळीने मिळणारी गती, ही आजच्या सायकलची मूळ रचना तिच्यातून रूढ झाली. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलवर एक माणूस तोल सांभाळताना मेटाकुटीला येई. ठेंगणी, स्थिर सायकल आल्यावर तिच्यावर दुसरा पेडल मारणारा बसवण्याची कल्पना फार दूर राहिली नाही.

५/ पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, बिगल्सवेड या गावातील सायकल बनवणारा डॅन अल्बोन आणि त्याचा सहकारी आर्थर जेम्स विल्सन यांनी दोघांच्या सायकलचे पेटंट घेतले. विल्सन हा सायकलविषयक लेखन करणारा पत्रकार होता आणि त्याला ऐकू येत नसे. ‘डेफ’, म्हणजे बहिरा, या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने लावून त्याने ‘फेड’ असे टोपणनाव घेतले होते. टँडमच्या जन्मातच असा एक माणूस होता, हे पुढे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

६/ त्या काळच्या काही टँडमवर स्त्री पुढे बसे. लांब झगा अडकू नये म्हणून पुढच्या सीटखालची दांडी खाली वाकवलेली असे. मात्र मागच्या पुरुषाचे हँडल एका जोडदांडीने पुढच्या हँडलला बांधलेले असे, म्हणजे दिशा त्यालाही राखता येई. स्त्रीला पुढची जागा द्यायची, पण नियंत्रण पूर्णपणे तिच्या हाती द्यायचे नाही, हा त्या समाजाचा संकोच लोखंडात उतरला होता. कोण कुठे बसतो हा प्रश्न टँडमबाबत कधीच निव्वळ तांत्रिक नव्हता.

७/ १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि सायकलचा वेग वाढला. १८९० च्या दशकातील लांब पल्ल्याच्या शर्यतींत टँडमला एक खास काम मिळाले. मुख्य स्पर्धकाच्या पुढे टँडम, कधी तीन-चार सीटच्या सायकली, वारा अडवत धावत. त्यांच्या आडोशाने मागच्याची शक्ती वाचे. याच दशकात सहलीची टँडमही लोकप्रिय झाली. १८९२ चे ‘डेझी बेल’ हे इंग्रजी गाणे दोघांच्या सायकलवरचेच. १९६१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आयबीएम ७०४ या संगणकाकडून गाऊन घेतले गेले तेही हेच गाणे.

८/ त्याच काळात वऱ्हाड कुठे होता? १८५३ च्या तहाने निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही छोटी शाखा खुली झाली आणि तिच्या उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. कारण एकच : कापूस. जिल्ह्यातील दळणवळणाची नवी साधने गठाणी बंदराकडे नेण्यासाठी आली. हौसेच्या प्रवासाला त्यात जागा नव्हती.

९/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात विकली जाणारी सायकल बहुतांशी ब्रिटिश बनावटीची होती. स्वातंत्र्याच्या सुमारास चित्र पालटले. १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. या कारखान्यांनी देशाला परवडणारी सायकल दिली, आणि बहुतेक सर्वांचा नमुना एकच : काळी, जड, उंच दांडीची, मागे पोलादी कॅरिअर असलेली. तिने दूध, टपाल, चारा आणि माणसे वाहिली. दुसऱ्या माणसाची सोय म्हणजे कॅरिअर. वेगळी टँडम बनवायला बाजारच नव्हता.

१०/ यातून ‘डबलसीट’ हा अस्सल मराठी संसारात मुरलेला शब्द आला. अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि पावती म्हणून धातूचा बिल्ला देत. शहरांत पोलिसांनी सायकलस्वाराला अडवण्याची दोन ठरलेली कारणे असत : रात्री दिवा नसणे आणि डबलसीट जाणे. म्हणून चौक जवळ आला की मागचा उतरून चालू लागे आणि पलीकडे पुन्हा बसे.

११/ डबलसीट आणि टँडम यांतला फरक इथे स्पष्ट होतो. डबलसीटमध्ये मागचा माणूस हे ओझे असते. कायदाही त्याला ओझेच समजे. म्हणून तर दंड. टँडममध्ये मागचा माणूस कष्टाचा भागीदार असतो. एकाच सायकलवर दोन माणसे, पण एकीकडे एक वाहतो आणि दुसरा वाहिला जातो, तर दुसरीकडे दोघेही वाहतात. पुढची सारी गोष्ट या एका फरकावर उभी आहे.

१२/ भागीदारीने फिरायला जायचे तर मोकळा वेळ लागतो, आणि मोकळ्या वेळेचा इतिहास हा कायद्यांचा इतिहास असतो. जून १९३६ मध्ये फ्रान्समधील ‘पॉप्युलर फ्रंट’ सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि आठवड्याचे काम ४० तासांवर आणले. त्या उन्हाळ्यात हजारो कामगार कुटुंबे प्रथमच समुद्र पाहायला निघाली. सामान बांधून टँडमवर निघालेले जोडपे हे त्या पगारी रजेचे प्रतीकच ठरले.

१३/ त्याच सुमारास खामगावच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये काय नियम होता? १९३४ च्या कारखाने कायद्याने कारखान्यांचे दोन गट केले : बारमाही आणि हंगामी. बारमाहींना आठवड्याला ५४ तासांची मर्यादा, हंगामींना ६० तासांची. कापसाची सरकी वेगळी करणारे आणि गठाणी दाबणारे कारखाने हंगामी गटात आले. पगारी रजेचा त्या कायद्यात मागमूस नव्हता. हंगाम संपला की कामही संपे. रिकामे दिवस मिळत, पण ते बिनपगारी असत. त्याला सुट्टी म्हणत नाहीत.

१४/ म्हणून ‘भारतीयांना सायकलची हौस नव्हती’ हे सोपे उत्तर टिकत नाही. हौस होती. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर पार करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. इराणचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा तो प्रवास होता.

१५/ या प्रवासातील एक तपशील आपल्या विषयाला धरून आहे. सहा जण निघाले, तिघांनी वाट सोडली, तरी उरलेले तिघे पुढे जाऊ शकले; कारण प्रत्येकाची सायकल स्वतंत्र होती. टँडमवर हे शक्य नाही. तिथे एकाचा निर्णय दोघांचा असतो, एकाची दमछाक दोघांची असते. अनोळखी मुलखात जाणाऱ्याला स्वतंत्र सायकल सोयीची. टँडमला विश्वासातला साथीदार आधी लागतो.

१६/ आता स्पर्धेकडे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २००० मीटर टँडम शर्यत झाली आणि फ्रान्सच्या मॉरिस शिल व आंद्रे ओफ्रे यांनी ती जिंकली. पुढे अनेक ऑलिंपिकमध्ये टँडमचा वेगवान सामना हा ट्रॅकवरचा थरारक प्रकार होता. १९७२ च्या म्युनिकनंतर तो ऑलिंपिकमधून वगळला गेला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो १९६६ मध्ये आला आणि १९९४ नंतर तिथूनही गेला. डोळस खेळाडूंच्या सर्वोच्च स्पर्धांत टँडमचा अध्याय इथे संपला.

१७/ टँडम वेगवान का असते, हे बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशावर चांगले समजते. जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यातही वेगळे आहेत : घाटाखालचा आणि घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे पूर्णेच्या खोऱ्यातले सपाट, काळ्या मातीचे पट्टे. बुलढाणा, चिखली, मेहकर हे अजिंठा डोंगररांगेवरच्या पठारावर. बुलढाणा शहर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. खालचे मैदान त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर.

१८/ घाटाखालच्या सपाटीवर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा असतो. टँडमवर दोघांची ताकद लागते, पण वाऱ्याला भिडणारी छाती जवळपास एकाचीच. मागचा पुढच्याच्या आडोशाला असतो. म्हणून मलकापूर–नांदुरा यासारख्या सरळ रस्त्यावर सारख्या ताकदीचे दोघे टँडमवरून स्वतंत्र सायकलींपेक्षा वेगाने जातील. विसाव्या शतकातल्या ट्रॅकवर टँडमने जो वेग दाखवला, त्याचे गणित हेच.

१९/ मोताळ्याकडून राजूर घाट चढू लागले की हे गणित बदलते. चढावर वेग मंदावतो, वाऱ्याचा अडथळा नगण्य होतो आणि वजन बोलू लागते. ताकद दुप्पट, तसे वजनही जवळपास दुप्पट; फायदा उरत नाही. शिवाय दोघांच्या पेडल मारण्याच्या सवयी वेगळ्या असतील तर शक्ती वाया जाते. एकाला उभे राहून जोर लावायचा असेल तर दुसऱ्याला आधी सांगावे लागते. घाटात टँडम बोलल्याशिवाय चढत नाही.

२०/ उतार आणखी कठीण. दोन माणसे आणि सायकल मिळून दीडशे किलो वजन धरले, तर तीनशे मीटर खाली येताना सुमारे ४.४ लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. त्यातली काही वारा खातो. उरलेली ब्रेकना पचवावी लागते. रिमवर घासणारे साधे ब्रेक सतत दाबून ठेवले तर रिम तापून टायर फुटू शकतो. म्हणून डोंगराळ प्रवासाच्या टँडमला डिस्क ब्रेक किंवा वेगळा तिसरा ब्रेक लावतात. आणि मागच्याला खड्डा दिसत नसल्याने ‘खड्डा’, ‘वळण’, ‘थांब’ हे पुढच्याने वेळेवर सांगणे हा सुरक्षेचा भाग ठरतो.

२१/ महाराष्ट्राची सायकल शर्यतींची परंपरा तर घाटांचीच आहे. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. हा किताब एकट्याचा. चढावर पाठीमागच्यांना मागे टाकून पुढे निसटणे हेच त्या शर्यतीचे सौंदर्य. अशा परंपरेत टँडमला जागा मिळणे अवघड होते. रिकामा वेळ नाही, बाजार नाही आणि घाटही अनुकूल नाही, अशी तिन्ही बाजूंनी तिची कोंडी होती.

२२/ मग टँडम परतली कशी? तिची गरज अशा खेळाडूंना होती ज्यांना दुसरा पर्यायच नव्हता. १९८४ मध्ये सायकलिंग पॅरालिंपिकमध्ये आले आणि पुढे दृष्टिबाधित खेळाडूंसाठी टँडम हाच प्रकार रूढ झाला. पुढे डोळस पायलट, मागे दृष्टिबाधित खेळाडू. पदक दोघांनाही मिळते. डोळसांच्या खेळात जी सायकल जुनी झाली म्हणून बाजूला पडली, तीच इथे खेळाचा दरवाजा ठरली.

२३/ इथे दयेचा प्रश्न उद्भवत नाही. आकडे पुरेसे बोलके आहेत. २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये ब्रिटनचा दृष्टिबाधित खेळाडू नील फाची आणि पायलट मॅट रॉदरहॅम यांनी थांबलेल्या स्थितीतून सुरुवात करून १००० मीटर अंतर ५८.०३८ सेकंदांत कापले. सरासरी वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर. तो विश्वविक्रम होता. त्या वेगाचा निम्मा भार मागच्या सीटवरून आलेला असतो.

२४/ महाराष्ट्रात ही कल्पना रुजवणारे नाव म्हणजे पुण्याचे दिव्यांशु गणात्रा. काचबिंदूमुळे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुढे ते मानसशास्त्रज्ञ झाले, पॅराग्लायडिंग शिकले. २०१४ मध्ये त्यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरिअर्स फाउंडेशन’ ही संस्था उभारली. अपंग आणि अपंगत्व नसलेले लोक एकाच साहसात बरोबरीने उतरले, तर एकमेकांविषयीचे गैरसमज गळून पडतात, हे तिचे सूत्र. टँडम या सूत्राला अगदी चपखल बसते.

२५/ २०१६ मध्ये गणात्रा डोळस साथीदारासह टँडमवरून मनाली ते खारदुंग-ला हा प्रवास करून आले. अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. तेव्हा अटल बोगदा खुला नव्हता, त्यामुळे ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग चढूनच पुढे जावे लागे. मग बारालाचा-ला, टांगलांग-ला आणि अखेरीस ५,३५९ मीटरचा खारदुंग-ला. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. राजूर घाटाबाबत सांगितलेली प्रत्येक अडचण इथे अनेक पटींनी वाढते.

२६/ त्याच्या वर्षभर आधी, २०१५ मध्ये, नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली. त्या प्रकारात आळीपाळी असते : एक चालवतो तेव्हा दुसरा विसावतो. टँडमवर ही मुभा नाही. खारदुंग-लाच्या चढावर धाप दोघांना एकाच वेळी लागते, आणि पुढे जायचे की थांबायचे हे दोघांना मिळूनच ठरवावे लागते.

२७/ हा विषय हौसेपुरता उरलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टिबाधित व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख होती. डिसेंबर २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. त्याच्या कलम ३० ने क्रीडा प्राधिकरणांना बजावले की खेळात भाग घेणे हा या व्यक्तींचा हक्क आहे आणि त्याला योग्य मान्यता द्यावी. १९३६ च्या फ्रान्समध्ये रजेच्या कायद्याने टँडमला रस्ता दिला. आपल्याकडे कायदा झाला आहे. तालुक्याच्या क्रीडांगणांवर त्याचा अर्थ पोहोचणे बाकी आहे.

२८/ त्यासाठी हिमालयाची गरज नाही. खामगाव–शेगाव हा सुमारे १७ किलोमीटरचा रस्ता सुरुवातीला पुरेसा आहे. लागते ती एक मजबूत टँडम, चांगले ब्रेक, आणि ‘खड्डा’ हा शब्द वेळेवर उच्चारणारा एक डोळस साथीदार. ज्याने आयुष्यभर कोणाच्या तरी कॅरिअरवर बसून प्रवास केला, त्याचे पाय इथे प्रथमच पेडलवर असतील. सायकल सव्वाशे वर्षांपूर्वीचीच आहे. मागे बसणाऱ्याचे स्थान मात्र बदलले आहे. एवढ्यासाठी हा इतिहास माहीत असावा.

#इतिहास #सायकल #वऱ्हाड #बुलढाणा